आपोआप लागणारं नेट

बुधवार, ९ जानेवारी २०१३

सिग्ने,

डोलोरेस म्हणते पत्र पोचवीन, उत्तराची आशा धरू नकोस. नाही धरत. रविवारी चर्च सुटल्यावर कोटाची बटणं लावता लावता तिने एवढंच सांगितलं, "बरी आहे, जेवते. पुढचं विचारू नको, आर्डिस." आयुष्यभर माझ्या शेजारी बसून गोधड्या शिवल्या या बाईने. माझ्या पोटच्या पोरीचा पत्ता तिला ठाऊक आणि मला नाही! रागाने माझ्या हातमोज्याचा अंगठा उसवला.

का सांगत नाहीस ते मला कळतं. गेल्या वर्षी तू बेमिजीला मैत्रिणीकडे जाऊन राहिलीस, कर्ट माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला, आणि मी त्याला पत्ता देऊन टाकला. म्हटलं, नवराबायकोचं आहे, बोलतील, मिटवतील. त्याने तुला परत आणलं आणि पुढचे दोन महिने तुझा हात झोळीत होता. घसरून पडली म्हणालात दोघं. इथे बर्फावर सगळेच घसरतात. पण जूनमध्ये कोण घसरतं, हे विचारायचं माझ्या टाळक्यात आलं नाही. झालं. एकदाच लिहिते, पुन्हा उगाळत बसणार नाही.

नोव्हेंबरात तू घर सोडलंस तेव्हापासून तो तुला शोधतोय हे तुला माहीत असेलच. कोर्टाने तुझ्या जवळ फिरकू नको म्हणून कागद दिलाय, तरीही. माझ्याकडे येतो तेव्हा मात्र अगदी गाईसारखा. दारातला बर्फ काढून देतो, जाताना डोक्यावरून टोपी काढतो. तुझा विषय निघाला की हसतो. "अंगठी ओट्यावर ठेवली आणि भिंतीवरचा वायफायचा डबा उपटून नेला, बघा मॉम तुमच्या लेकीचा संसार!" मी म्हटलं, बरोबरच केलं तिने. डबा तिच्या पैशाचा होता. तुझ्या बाबांनी तर घर बदलताना दिव्यांचे बल्बसुद्धा काढून आणले होते. आपल्या घराण्यात चालती वस्तू मागे सोडायची पद्धत नाही.

असो. परवा कर्टने दोन छोटे टॅब आणून दिले, दोन वेगळ्या कंपन्यांचे. गावातल्या म्हाताऱ्यांच्या सीनियर सेंटरला वीस टॅब घ्यायचेत, समितीत भांडण जुंपलंय काळे घ्यायचे की पांढरे, म्हणून रोज वापरणाऱ्या साध्या माणसाचं मत हवं आहे म्हणे. "तुमच्याइतकं चिकित्सक या गावात कोण आहे, मॉम?" लोणी लावत होता हे कळलं, पण लोणी कुणाला नको असतं?

काळा नवाकोरा, खोक्यातला. पांढरा कर्टचा स्वतःचा. तुम्ही दोघं एकत्र होतात तेव्हाचा आहे, कोपऱ्यावर चरा गेलाय, तू ओळखशील. काळा हलका, अरुंद, एका पंज्यात मावतो. पाठ रबरासारखी, त्यामुळे हाताला क्रीम लावलेलं असलं तरी निसटत नाही. पांढरा दिसायला देखणा, पातळ, पण हिवाळ्यात दुधाच्या कॅनला हात लावावा तसा गार. रुंद असल्यामुळे वाचायला पुस्तकासारखा वाटतो, आणि रुंद असल्यामुळेच माझा अंगठा काचेवर पडून पान भलतीकडे उलटतं. पत्त्यांचा डाव पांढऱ्यावर छान दिसतो. काळ्यावर राजा आणि गुलाम दोघे भाऊ वाटतात.

आपल्या घरात नेट नाही, मग इथे बसून काय डोंबल तुलना करणार? कर्ट म्हणाला, "बाहेर न्या. जिथे जाल तिथे दोन्ही लावून बघा आणि मला सांगा."

ऊबदार कपडे घाल.

आई


सोमवार, २१ जानेवारी

सिग्ने,

डोलोरेस म्हणते तू पत्रं उघडत नाहीस, उशाखाली ठेवतेस. ठेव बापडी. मी लिहीत राहणार. माझं तोंड बंद करणं तुझ्या बाबांना जमलं नाही, तुला काय जमणार?

दोन्ही टॅब पर्समध्ये घालून गावभर हिंडते आहे. केस सेट करायला गेले तिथे पासवर्ड आरशावर लिहिलेला होता, दोन्हींवर टाकला, दोन्ही चालले. दातांच्या डॉक्टरकडे काळा आधी लागला, पांढरा मागून. कॅफेत पांढऱ्यावर ॲपल पाय बनवायची फिल्म बघितली, रंग काय सुरेख! काळ्यावरही तीच बघितली, तर कणीक आजारी माणसासारखी दिसत होती. थंडीत मात्र काळ्याची बॅटरी धाडकन खाली येते. गाडीत ठेवून तासाभराने आले तर मेलेला. पांढरा टुणटुणीत. बटणं दाबून चिठ्ठी लिहायची असेल तर काळा बरा, दोन अंगठ्यांनी होतं काम. पांढऱ्यावर मला एका बोटाने कोंबडीसारखं टोचत बसावं लागतं.

हे सगळं मी कर्टला दर रविवारी जेवताना सांगते. आणि एक गोष्ट मला खटकली ती तुला सांगते. काळ्याबद्दल बोलायला लागले की हा खिडकीबाहेर बघतो. याचा एकच प्रश्न. "पांढऱ्याला कुठे पासवर्ड न टाकता, आपोआप नेट लागलं का?"

मी म्हटलं, "काळ्याचं काही विचारशील की नाही? तो काय सावत्र आहे?"

हसला, पण जरा उशिरा हसला.

मग म्हणाला, "अजून कुठे कुठे जाऊन बघा ना. बायकांच्या व्यायामाला जा, चर्चच्या तळघरात जा. तिथे आम्हा पुरुषांना कोण आत घेतंय? डोलोरेसच्या घरी जा."

गेले. डोलोरेसने दार उघडलं, माझ्या हातात दोन टॅब. "कोणाचे?" म्हणाली. कर्टचं नाव काढल्याबरोबर दारातच आडवी उभी राहिली. "त्याच्या हातची वस्तू माझ्या घरात नको. गाडीत ठेवून ये, नाहीतर तूही बाहेरच राहा." अशी कधी बोलत नाही ती. कॉफी दिली, पण सोबत नेहमीच्या गोड वड्या, बार्स, पुढे केले नाहीत. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आर्डिस, तू वाईट नाहीस. पण तुझ्या पोटात काही राहत नाही आणि तो हे जाणून आहे."

वाईट वाटलं मला. सांगितलं नाही तिला, पण वाटलं.

आई


सोमवार, ४ फेब्रुवारी

सिग्ने,

कपडे धुवायच्या मशिनचा पाइप गोठला. कर्ट दुरुस्त करतो म्हणाला आणि हात हलवत निघून गेला, "तोवर मेन स्ट्रीटवरच्या लॉन्ड्रीत जा, मॉम, तिथेही टॅब लावून बघता येईल." शनिवारी गेले. चादरी मशिनमध्ये टाकल्या, बाकावर बसले, दोन्ही टॅब मांडीवर. काळा पासवर्ड मागत बसला. पांढऱ्यावर बघते तर वरच्या कोपऱ्यात नेट लागल्याचा तो छोटा पंखा उगवलेला! मी काही टाकलं नाही, कोणाला विचारलं नाही, आणि नेट चालू.

लॉन्ड्रीवाल्याला म्हटलं, "झकास सोय केलीस की."

"कसली सोय, आर्डिस? माझ्याकडे कुठलं आलंय नेट? गरम पाणी देतो तेवढ्यातच समाधान माना."

मला पांढऱ्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. काल रविवारी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश केलं होतं, वाढता वाढता कर्टला सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला. हळू, आवाज न करता.

"लॉन्ड्रीत कुठे?"

"कुठे म्हणजे? लॉन्ड्रीत."

"खिडकीपाशी, का मागे जिन्यापाशी?"

"मी काय भिंत मोजत होते? मधल्या बाकावर होते. खा ना, गार होतंय."

खाल्लं नाही त्याने. उठला आणि ताटं विसळायला लागला. सिग्ने, हा माणूस या घरात इतकी वर्षं जेवतोय, एक चमचा कधी विसळला नाही. काल सगळी भांडी घासली, पुसली, कपाटात लावली आणि मंद शीळ घालत होता. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्या परत जाल? पांढरा घेऊन मागच्या जिन्यापर्यंत चालत जा आणि पंख्याच्या किती रेघा भरतात ते बघा. समितीला नेमकं सांगावं लागेल."

आज गेले. धुवायला काही नव्हतं म्हणून स्वच्छ टॉवेलच परत धुतले, वेडी म्हणतील लोक. बाकापासून जिन्याकडे चालत गेले. एक रेघ, मग दोन. जिन्याच्या कुलूपबंद दारापाशी सगळ्या रेघा भरल्या. वर कोणीतरी भाडेकरू राहत असणार, पावलं ऐकू येत होती, नळ सोडल्याचा आवाज आला.

वळले तर खिडकीतून समोर कर्टचा पिकअप दिसला. इंजिन चालू, धूर निघतोय, आत तो बसलेला. दुकानात जायला आलेला माणूस दुकानात जातो. हा बसून लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्याकडे बघत होता. एरवी मी हात हलवला असता. आज का कोण जाणे, मी टॅब टॉवेलांखाली सारला आणि मशिनच्या आडोशाला उभी राहिले.

त्याचा फोन आला, रेघा किती? मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, दिसलं नाही. तुझे बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच कोणाशी खोटं बोलले असेन. का बोलले ते मला सांगता येत नाही.

आई


गुरुवार, ७ फेब्रुवारी

सिग्ने, हे पत्र उघड. बाकीची राहू देत, हे उघड. डोलोरेसला सांगितलंय, तू उघडेपर्यंत जागचं हलायचं नाही.

आज वाचनालयात गेले. विनिफ्रेड पुस्तकांवर शिक्के मारत होती. ती सीनियर सेंटरच्या समितीवर आहे, म्हणून सहज म्हटलं, "तुमचं टॅबचं भांडण मिटलं का? माझं मत तयार आहे."

"कसले टॅब?" ती म्हणाली. "आम्ही कॉफीचं यंत्र घेतोय, तेही सेकंडहँड."

मी पर्समधून दोन्ही काढून टेबलावर ठेवले. लॉन्ड्रीतली गंमत सांगितली, पांढऱ्याला कसं न विचारता नेट लागतं ते. विनिफ्रेड हसली. "आर्डिस, टॅब काही जादूगार नाही. ज्या डब्यावर तो आधी कधी लागलेला असतो तो डबाच त्याला आठवतो. कुत्रं कसं, ज्या दारात भाकर खाल्ली तिथेच शेपूट हलवत घुसतं."

"पण हा कधी लॉन्ड्रीत गेलाच नव्हता."

"हा गेला नसेल. मग ज्या घरात हा वाढला तिथला डबा लॉन्ड्रीत आला असेल."

ती सहज बोलली आणि पुढच्या पुस्तकावर शिक्का मारला. मला खुर्ची ओढून बसावं लागलं. पाणी आणू का, विचारत होती, मला ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं.

तू वर आहेस. नोव्हेंबरपासून तू वर आहेस! मी तुला फार्गोत समजत होते, मिनियापोलिसला समजत होते, आणि मी खाली बसून चादरींच्या घड्या घालत होते. ती पावलं तुझी होती. आणि त्याच्या हातचं कुत्रं होऊन मीच तुझा माग काढला, टॅबची चिकित्सा करत करत, स्वतःवर खूश होऊन. त्याला तिथे आत जाता येत नव्हतं, गावातल्या बायकांनी डोळ्यांनीच फाडून खाल्लं असतं. म्हणून मला पाठवलं.

तो डबा आत्ताच्या आत्ता बंद कर. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण रेघा मी सांगितल्या नसल्या तरी लॉन्ड्री सांगितली. सोमवारपासून पिकअप रोज तिथेच उभा असतो असं लॉन्ड्रीवाला म्हणाला. तुझ्या जिन्याचं दार आणि मागची गल्ली दोन्ही त्याला तिथून दिसतात. दिवसा गिऱ्हाइकं असतात म्हणून तो आत येत नाही. मला भीती शनिवारची आहे. शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायची स्पर्धा. अख्खं गाव बर्फावर असणार, लॉन्ड्री बंद, मेन स्ट्रीटवर चिटपाखरू नसणार. त्याने परवा मला विचारलं होतं, "मॉम, शनिवारी तुम्ही तळ्यावर जाणार ना?" किती प्रेमाने विचारलं होतं.

उद्या शुक्रवारी तुला तिथून निघावंच लागेल. गाडी डोलोरेसची. त्याला तिथून हलवायचं कसं, ते माझ्यावर सोड. तो डबा मात्र डोलोरेसबरोबर माझ्याकडे पाठव. का म्हणून विचारू नकोस.

आई


शुक्रवार, ८ फेब्रुवारी

सिग्ने, माझ्या पोरी,

सकाळी डोलोरेस डबा घेऊन आली, धुतलेल्या टॉवेलांच्या टोपलीत, तळाशी. मला म्हणाली, "तिने काल पत्र वाचलं. सगळी वाचली, ओळीने." काय म्हणाली, मी विचारलं. "रडली आणि मग बॅग भरली." डोलोरेसने मला मिठी मारली. कुणाला कधी हात न लावणाऱ्या नॉर्वेजियन लुथरन बाईने! आम्ही दोघी इतक्या गोंधळलो की एकमेकींना सॉरी म्हणालो.

आता ऐक. डबा मी ओट्यावर, टोस्टरशेजारी लावलाय. हिरवे दिवे लुकलुकतायत. याच्यातून जगाशी काही जोडलेलं नाही, पण विनिफ्रेड म्हणाली तसंच झालं. पांढऱ्यावर पंखा उगवला, रेघा भरून, पासवर्ड न विचारता. आपल्या घरात, जिथे नेट कधी आलंच नाही.

आत्ताच कर्टला फोन केला. आवाज माझा नेहमीचाच काढला, बडबड्या म्हातारीचा.

"अरे कर्ट, गंमत ऐक! पांढऱ्याला आज माझ्या स्वयंपाकघरातच नेट लागलं, आपोआप. हे समितीला सांगायचं का?"

तिकडे पिकअपचं इंजिन ऐकू येत होतं.

"तुमच्या घरी?" तो म्हणाला. "लॉन्ड्रीत नाही?"

"लॉन्ड्रीत आता काही लागत नाही म्हणे. इथेच लागतंय."

"मॉम, घरी कोण आहे तुमच्याबरोबर?"

"कोण असणार? मी आणि कॉफी. कोणीसुद्धा नाही रे!" मी मुद्दाम जरा घाईने म्हटलं. खरं तेच सांगितलं, सिग्ने, आणि तो माझ्या खऱ्यावर विश्वास ठेवणार नाही हे मला ठाऊक होतं.

"मी निघालोय," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. "तुम्ही बाहेर जाऊ नका. आणि तिला म्हणावं, तिनेही जाऊ नये."

फोन ठेवल्यावर डोलोरेसच्या पुतणीने कळवलं, पिकअप मेन स्ट्रीटवरून गेला. गावापासून आपल्या फार्मपर्यंत या बर्फात अर्धा तास तरी लागतो. तेवढ्यात तुम्ही गावाबाहेर पडाल. उत्तरेला जा की दक्षिणेला, डोलोरेसने ठरवलंय, मी तिला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

शेरीफच्या ऑफिसात फोन केलाय. हायवेवर दोन ट्रक आडवे झालेत, माणसं तिकडे आहेत. फोनवरची मुलगी भली होती, म्हणाली दार लावून बसा, सुटली की पहिली गाडी तुमच्याकडे पाठवते. दार लावलंय. तुझ्या बाबांची खुर्ची त्याला टेकवली आहे. भीती वाटते का? वाटते. पण तू जूनमध्ये झोळीत हात घालून माझ्यासमोर बसली होतीस आणि मी तुला ॲपल पाय वाढत होते, ते आठवलं की भीती मागे पडते आणि राग येतो. राग बरा.

घर शोधेल तो. तळघर, माळा, कपाटं, सगळं. शोधू दे. मी त्याला काळा आणि पांढरा यांतला फरक सांगत बसेन. जितका वेळ ऐकेल तितका वेळ.

हे पत्र रस्त्याकडेच्या पेटीत टाकून पोस्टमनला खूण म्हणून लाल झेंडी वर करायला जायचंय, तो अजून यायचाय. डोलोरेसचं नाव घातलंय, ती तुला पाठवील. खिडकीतून शेजारच्या सोरेनसनच्या वळणावर काहीतरी दिसतंय, बर्फाचा लोट उडतोय. पोस्टमन एवढ्या वेगाने येत नाही.

जाते मी. तू पोचलीस की तुला मला कळवावंसं वाटेल, तुझा स्वभाव मला माहीत आहे. कळवू नकोस. कोणतं गाव, कोणता रस्ता, खिडकीतून काय दिसतं, काही म्हणजे काही लिहू नकोस मला, सिग्ने. कधीच.

आई